कॅमेऱ्याची बैठक : ‘कोर्ट’ या चित्रपटाच्या निमित्ताने

आपल्याकडील चित्रपटपरीक्षणाची एक ठरून गेलेली मांडणी आहे. प्रथम कथानक सांगावयाचे, मग अभिनयाचे गुणदोष, मग संगीत, आणि अखेरच्या परिच्छेदात ‘छायाचित्रण डोळ्यांना सुखविणारे आहे’ किंवा ‘छायाचित्रणाने कथेस चांगली साथ दिली आहे’ अशा अर्थाचे एखादे वाक्य टाकून कर्तव्यपूर्तीचे समाधान मानावयाचे. या मांडणीत जी समजूत गृहीत धरलेली असते ती अशी की, चित्रपटाचा आशय कथेत असतो आणि कॅमेरा तो आशय आपल्यापर्यंत पोहोचविणारा हमाल आहे. हमालाने ओझे नीट आणले म्हणजे त्याची पाठ थोपटावयाची, इतकेच. साहित्याच्या क्षेत्रात आशय आणि अभिव्यक्ती यांची अशी फारकत करणारी समीक्षा मागे पडून बराच काळ लोटला. चित्रपटाच्या बाबतीत मात्र ती अजून सुखेनैव नांदत आहे.

याच्या उलट टोकाची एक समजूत अलीकडे विद्यार्थ्यांच्या निबंधांतून वारंवार आढळते. तिच्यानुसार कॅमेऱ्याच्या प्रत्येक हालचालीस एक निश्चित अर्थ असतो. कॅमेरा खालून वर पाहू लागला की पात्राचे सामर्थ्य, वरून खाली पाहू लागला की पात्राची असहायता, चेहरा जवळून दिसला की भावनोत्कटता, दुरून दिसला की एकाकीपणा. हा शब्दकोश पाठ केला की चित्रपट वाचता येतो, असा या निबंधांचा विश्वास असतो. पहिल्या समजुतीपेक्षा ही समजूत बरी, कारण तीत निदान कॅमेऱ्याकडे लक्ष तरी दिलेले असते. परंतु ती टिकणारी नाही. ऑर्सन वेल्स यांच्या ‘सिटिझन केन’ (१९४१) या चित्रपटात निवडणूक हरल्यानंतर केन आणि त्याचा जुना मित्र लेलंड यांच्यात जो प्रसंग घडतो, तो कॅमेरा जवळजवळ जमिनीच्याही खाली नेऊन घेतला आहे. त्यासाठी जमीन उकरावी लागली होती. केनची आकृती छताला भिडेल इतकी प्रचंड दिसते. शब्दकोशाप्रमाणे हा सामर्थ्याचा क्षण असावयास हवा. प्रत्यक्षात तो पराभवाचा आणि मैत्री तुटण्याचा क्षण आहे. त्या प्रचंडपणातच त्या माणसाचे रितेपण जाणवते. यासुजिरो ओझू यांच्या ‘टोकियो स्टोरी’त (१९५३) कॅमेरा जवळजवळ सदैव खाली, चटईवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्याही खालच्या पातळीवर असतो. तेथे ना कोणाचे सामर्थ्य सूचित होते, ना कोणाची भीती. त्या घरात पाहुणा म्हणून बसावे तसे आपण बसलेले असतो, इतकेच. एकच उंची, परंतु दोन चित्रपटांत दोन अर्थ. तेव्हा अर्थ कॅमेऱ्याच्या जागेत नसतो. तो त्या जागेच्या आणि विषयाच्या परस्परसंबंधात असतो, असे म्हणणे भाग आहे.

हा संबंध कसा निर्माण होतो याचा विचार एखाद्या आकर्षक, चपळ छायाचित्रणाच्या चित्रपटावरून करण्यापेक्षा, ज्यात कॅमेरा जवळजवळ काहीच करीत नाही अशा चित्रपटावरून करणे अधिक उद्बोधक ठरेल. चैतन्य ताम्हाणे यांनी लिहून दिग्दर्शित केलेला ‘कोर्ट’ (२०१४) हा असा चित्रपट आहे. त्याचे छायाचित्रण मृणाल देसाई यांचे आहे. व्हेनिस महोत्सवात २०१४ साली त्याचा गौरव झाला, त्याच वर्षासाठीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यास मिळाला, आणि त्यामुळे त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्या लेखनात ‘तटस्थ’ हे विशेषण इतक्या वेळा आले आहे की त्याविषयी थोडा संशय घेणे मला आवश्यक वाटते.

कथानक थोडक्यात असे. नारायण कांबळे हे वृद्ध लोकशाहीर मुंबईच्या वस्त्यांतून गातात, मुलांच्या शिकवण्या घेतात. एका सफाई कामगाराचा, वासुदेव पवार याचा, गटारात मृत्यू होतो. कांबळे यांनी वस्तीत म्हटलेल्या एका गीतामुळे तो आत्महत्येस प्रवृत्त झाला, असा आरोप ठेवून पोलीस त्यांना कार्यक्रमाच्या मंचावरून पकडून नेतात. भारतीय दंडसंहितेच्या ३०६व्या कलमाखाली (ही संहिता १ जुलै २०२४पासून लागू राहिलेली नाही) खटला सुरू होतो, आणि तारखांमागून तारखा पडू लागतात. बचावाचे वकील विनय व्होरा, सरकारी वकील नूतन, न्यायाधीश सदावर्ते आणि मृताची पत्नी शर्मिला पवार ही यातील इतर मुख्य माणसे. कांबळे यांची भूमिका वीरा साथीदार यांनी केली. ते स्वतः नागपूरचे कार्यकर्ते होते, ‘विद्रोही’ या नियतकालिकाचे संपादक होते. २०२१ साली त्यांचे निधन झाले. गीते आणि त्यांचे संगीत संभाजी भगत यांचे आहे.

न्यायालयाचे दृश्य आपल्या चित्रपटसृष्टीस नवे नाही. ‘आवारा’ (१९५१) तर न्यायालयातच सुरू होतो. पण तेथील न्यायालय हे एक व्यासपीठ असते. वकील कठड्याशी येऊन बोलू लागला की कॅमेरा पुढे सरकतो, न्यायाधीशाचा चेहरा, आरोपीचे डोळे, प्रेक्षकांत बसलेल्या आईचा हुंदका असे तुकडे एकामागून एक येतात आणि सत्य शेवटी बाहेर पडते. त्या तुकड्यांची रचनाच प्रेक्षकाला सांगत असते की येथे काही निर्णायक घडत आहे. ‘कोर्ट’मध्ये हे सर्व जाणीवपूर्वक टाळले आहे. कॅमेरा खोलीत एका जागी बसतो. चौकट रुंद असते. तिच्यात न्यायाधीश, टंकलेखक, वकील, पाठमोरे बसलेले पक्षकार, येणारे-जाणारे शिपाई असे सगळेच एकदम मावतात. कोणी महत्त्वाचे बोलू लागले म्हणून कॅमेरा त्याच्याकडे धावत नाही. सरकारी वकील कागदावरील मजकूर एकसुरी वाचीत राहते आणि तो संपेपर्यंत आपल्यालाही तो ऐकावा लागतो. एखाद्या प्रकरणातील बाई बिनबाह्यांचा पोशाख घालून आली म्हणून तिचे काम त्या दिवशी होत नाही. तोही प्रसंग तेवढ्याच अंतरावरून, तेवढ्याच थंडपणे येतो आणि जातो.

या पद्धतीस तटस्थ म्हणण्याचा मोह होतो तो येथेच. पण ही बैठक कोणाची आहे, हा प्रश्न विचारून पाहावा. ती न्यायाधीशाची नाही, कारण न्यायाधीश आपल्याला समोरून दिसतो. ती वकिलाचीही नाही. ती मागच्या बाकावर बसलेल्या माणसाची आहे. आपल्या देशात न्यायालयाचे दार सामान्यतः सर्वांस खुले असते. कोणीही नागरिक जाऊन बसू शकतो, फक्त त्याने बोलावयाचे नाही आणि आपल्या जागेवरून हलावयाचे नाही. कॅमेरा नेमके हेच दोन नियम पाळतो. त्याची स्थिरता ही म्हणून निव्वळ शैली नव्हे. ती न्यायालयाने प्रेक्षकावर घातलेली शिस्त आहे. आपण जे पाहतो ते आपल्याला पसंत नसले तरी बाकावरून उठून काही म्हणण्याची सोय नाही. ज्याला आपण तटस्थता म्हणतो, तिचे दुसरे नाव या ठिकाणी निरुपायता असे आहे.

या बैठकीचा दुसरा परिणाम काळाविषयी आहे. जे दृश्य तोडले जात नाही, त्यात काळ जसाच्या तसा वाहतो. आंद्रे बाझँ या फ्रेंच समीक्षकाने दीर्घ, अखंड दृश्याचा पुरस्कार केला तो वास्तवाची संदिग्धता त्यात शाबूत राहते म्हणून. प्रेक्षकाने कोठे पाहावे हे दिग्दर्शक ठरवीत नाही, ते प्रेक्षकाला स्वतः ठरवावे लागते. हे ‘कोर्ट’ला लागू आहेच, पण येथे त्यात एक भर पडते. न्यायालयात काळ हीच शिक्षा आहे. दोन तारखांमधील अंतर वकिलाच्या दृष्टीने रोजनिशीतील एक नोंद असते, न्यायाधीशाच्या दृष्टीने कामाचा एक दिवस. आरोपीच्या दृष्टीने तो तुरुंग असतो. चित्रपट कांबळे यांच्या तुरुंगातील दिनक्रमाचे वर्णन करीत बसत नाही. त्याऐवजी तो आपल्यालाच थोडेसे कंटाळू देतो. तो कंटाळा ओळखीचा झाला, आणि मग ध्यानात आले की या कंटाळ्यात एक म्हातारा माणूस अडकून पडला आहे, की जे समजावयाचे ते समजते. कंटाळवाणा म्हणून काहींनी या चित्रपटास नावे ठेवली; त्यांना चित्रपट समजला नाही असे मी म्हणणार नाही. ते फार लवकर बाकावरून उठले, एवढेच.

चौकट या शब्दास मराठीत दोन्ही अर्थ आहेत, आणि येथे ते दोन्ही उपयोगी पडतात. कायद्याचीही एक चौकट असते. वासुदेव पवार कसा मेला, हा प्रश्न न्यायालयापुढे येतो तो एवढ्याच स्वरूपात की, कांबळे यांच्या गीताने त्याला मरणास प्रवृत्त केले की नाही. संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात कोणी उतरविले, हा प्रश्न त्या चौकटीबाहेर राहतो. धोकादायक रीतीने गटारे साफ करावयास लावणे हा २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ही विसंगती अधिक टोचते. आता चित्रपटाची चौकट पाहा. वासुदेवचा मृत्यू तीत कोठेही दिसत नाही. एखाद्या दुसऱ्या दिग्दर्शकाने चित्रपटाचा आरंभच त्या गटारापासून केला असता, आणि आपल्या मनात संतापाची ठिणगी पेटवून मग आपल्याला न्यायालयात नेले असते. ताम्हाणे तसे करीत नाहीत. मृत्यू आपल्यापर्यंत पोहोचतो तो शब्दांतून, आणि तोही फार उशिरा.

तो पोहोचतो शर्मिला पवारच्या साक्षीत. चित्रपटाचे मर्म मला या प्रसंगात दिसते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. तिला प्रश्न विचारले जातात आणि ती उत्तरे देते. न जास्त, न कमी. नवरा आत्महत्येविषयी कधी बोलला नव्हता. दुर्गंधी सोसावी म्हणून तो दारू पीत असे. गटारातील वायूने त्याचा एक डोळा गेला होता. आत उतरण्यापूर्वी तो खडा टाकून पाही; झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजे. हे ती सांगते तेव्हा कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर झेपावत नाही, संगीत उसळत नाही, समोर बसलेल्यांपैकी कोणाचा बदललेला चेहरा दाखविला जात नाही. या चित्रपटातील ही सर्वांत भयंकर माहिती पत्ता सांगावा त्या स्वरात सांगितली जाते, आणि न्यायाधीश तिचा सारांश स्वतःच्या शब्दांत, इंग्रजीत, टंकलेखकास सांगत राहतो.

येथे जवळचा चेहरा दाखविला असता तर काय झाले असते? आपल्याला रडू आले असते, आणि रडून आपण मोकळे झालो असतो. झुरळांचा तो तपशील मग तिच्या दुःखाचा एक भाग ठरला असता. कॅमेरा दूर राहिल्यामुळे तो दुःखाचा भाग न राहता कामाचा भाग राहतो, एका धंद्यातील रीत म्हणून आपल्यापुढे येतो. ज्या नगरीत माणसाला हवेची परीक्षा झुरळांवरून करावी लागते तिच्याविषयीचे ते निवेदन आहे. शिवाय दूर राहिल्यामुळेच तिच्या साक्षीबरोबर ती नोंदविण्याची क्रियाही एकाच चौकटीत दिसते. बोलणे आणि त्याची नोंद यांत किती गळून पडते, हे दाखविण्यास यापेक्षा साधा उपाय मला तरी सुचत नाही. नंतर व्होरा तिला आपल्या मोटारीतून सोडावयास जातो, पैसे देऊ करतो. ती पैसे घेत नाही. काही काम असेल तर द्या, म्हणते. हा प्रसंगही तितकाच कोरडा आहे.

इतक्यावरच चित्रपट थांबला असता तर तो न्यायालयाचे एक प्रामाणिक प्रतिचित्र ठरला असता. पण कॅमेरा, जो खोलीत जागचा हलत नाही, तो खोलीबाहेर मात्र पडतो. आणि कोणाच्या मागे जातो हे पाहण्यासारखे आहे. तो व्होराच्या मागे उंची दुकानात जातो, जेथे तो चीज आणि मद्य निवडतो. त्याच्या गुजराती आईवडिलांच्या घरी जेवणाच्या मेजापर्यंत जातो. तो नूतनबरोबर आगगाडीत बसतो, तिच्या शेजारणीशी चाललेल्या मधुमेहाच्या आणि तेलाच्या गप्पा ऐकतो, पाळणाघरातून मुलाला घेऊन घरी येतो, तिला स्वयंपाक करताना पाहतो. शेवटी तो न्यायाधीशाच्या सहलीलाही जातो. या घरांतही तो तसाच एका जागी बसतो. परिणाम असा होतो की, ज्या बाईने कांबळे यांच्यावर कलमे लादली ती आपल्याला दुष्ट वाटेनाशी होते. ती थकलेली आहे, काम उरकावे अशी तिची इच्छा आहे. आरोपीला वीस वर्षे आत टाकून एकदाचे मोकळे व्हावे, अशा अर्थाचे ती सहकाऱ्यांपाशी बोलून जाते तेव्हा त्यात द्वेषाचा लवलेश नसतो. चित्रपटातील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच, की कोणाचा द्वेष नसतानाही हे सगळे घडू शकते.

स्थिर कॅमेऱ्यास अर्थ प्राप्त होतो तो या बाहेर पडण्यामुळे, हे माझे म्हणणे एका निराळ्या उदाहरणाने तपासता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली न्यायालयीन कामकाजाच्या थेट प्रक्षेपणाचे तत्त्व मान्य केले आणि सप्टेंबर २०२२पासून घटनापीठांपुढील सुनावण्या घरबसल्या पाहता येऊ लागल्या. तेथेही कॅमेरे ठरल्या जागी बसविलेले आहेत, दृश्ये दीर्घ आहेत, संगीत नाही. तंत्राची बाह्य लक्षणे पाहिली तर हे ‘कोर्ट’चेच तंत्र आहे. तरीही त्या प्रक्षेपणास कोणी कलाकृती म्हणणार नाही, कारण तो कॅमेरा संध्याकाळी कोणाच्या घरी जात नाही. तो काय दाखवावे हे निवडीत नाही, म्हणून त्याच्या स्थिरतेस नागरी मूल्य असले तरी कलात्मक अर्थ नाही.

‘कोर्ट’च्या एक वर्ष आधी नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) आला. जातीच्या त्याच वास्तवाकडे तो अगदी उलट बाजूने पाहतो. तेथे कॅमेरा जब्याच्या बाजूचा आहे. त्याच्याबरोबर तो पळतो, लपतो, लाजतो. डुकरांच्या मागे धावणारे कुटुंब आणि भोवती जमून हसणारे गाव, हा प्रसंग ज्याने पाहिला तो विसरणार नाही. राष्ट्रगीताचे सूर कानी येतात आणि हातातोंडाशी आलेले डुक्कर सोडून ती माणसे ताठ उभी राहतात. मग काठीला बांधलेले डुक्कर खांद्यावर घेऊन जब्या शाळेच्या भिंतीसमोरून जातो. भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, गाडगे महाराज यांची चित्रे आहेत. येथे कॅमेऱ्याने अर्थ स्पष्टपणे उच्चारला आहे. भिंत आणि डुक्कर एका चौकटीत आणणे हे भाष्य आहे, आणि ते भाष्य म्हणूनच समजावे अशी दिग्दर्शकाची इच्छा आहे. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड सरळ कॅमेऱ्याकडे येतो आणि पडदा काळा होतो. हसणाऱ्या गावात आपणही उभे होतो, हे त्या दगडाने आपल्याला कळते.

‘कोर्ट’मध्येही पडदा काळा होतो. कांबळे यांचा जामीन नाकारला गेला आहे, न्यायालयास उन्हाळ्याची सुट्टी लागली आहे. माणसे निघून जातात, एकेक दिवा मालविला जातो, दारे बंद होतात, आणि काळोखात चित्रपटगृहातील प्रेक्षक उठण्याची तयारी करतो. पण तो शेवट नाही. दोन काळोखांतील हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘फँड्री’चा काळोख हा आघात आहे; त्यानंतर काही सांगावयाचे उरत नाही. ‘कोर्ट’चा काळोख ही सुट्टी आहे, म्हणून त्यानंतर पुन्हा उजाडते. ज्याच्या हाती दगड आहे त्याची गोष्ट दगडाशी संपू शकते. ज्या व्यवस्थेच्या हाती तारखा आहेत तिची गोष्ट अशी संपत नाही.

या चित्रपटाविषयी एक आक्षेप मात्र नोंदविला पाहिजे. नूतनचे कुटुंब एक मराठी नाटक पाहावयास जाते. त्या नाटकात परप्रांतीयाची टवाळी आहे आणि प्रेक्षक टाळ्या वाजवितात. या ठिकाणी कॅमेरा स्थिर असूनही प्रसंगाची निवड स्थिर नाही. दिग्दर्शकाने आपले मत अगोदरच ठरवून मग तो कॅमेरा तेथे नेऊन बसविला आहे, असे वाटते. व्होराचे जॅझ आणि नूतनचे ते नाटक यांचा तोल बरोबरीचा नाही. सुखवस्तू वकिलाची अभिरुची फार तर मजेशीर दिसते. मध्यमवर्गीय मराठी बाईची अभिरुची दोषास्पद दिसते. मराठी प्रेक्षकास हे बोचले तर ते केवळ अस्मितेमुळे बोचते असे मानण्याचे कारण नाही. जी पद्धती सर्वांस समान अंतरावर ठेवण्याचे वचन देते तिने येथे एकीच्या बाबतीत ते वचन पाळलेले नाही. रेल्वेच्या डब्यातील गप्पांत नूतन जितकी खरी आहे तितकी ती नाट्यगृहात राहत नाही. ती एका विधानाचे उदाहरण होते. चांगल्या चित्रपटातील असा प्रसंग वाईट चित्रपटातील दहा प्रसंगांपेक्षा अधिक शिकवितो, कारण तेथे तंत्र तेच असून अर्थ कसा उणावतो ते दिसते.

काळोखानंतरचा शेवटचा भाग याहून कितीतरी सरस आहे. न्यायाधीश सदावर्ते कुटुंबीयांबरोबर एका विश्रामस्थळी गेले आहेत. तेथे ते एका ओळखीच्या गृहस्थास, बोलू न शकणाऱ्या त्याच्या मुलासाठी, नाव बदलण्याचा आणि बोटात खडा घालण्याचा सल्ला देतात. न्यायासनावर जो आवाज होता तोच येथे आहे. ठाम, सौम्य, शंकारहित. मग ते बागेतल्या बाकावर डुलकी घेतात. मुले दबक्या पावलांनी येऊन त्यांच्या कानाशी ओरडतात. ते दचकून उठतात, एका मुलाच्या थोबाडीत मारतात, मूल रडत राहते. कॅमेरा आहे तेथेच आहे. न्यायाधीश पुन्हा त्याच बाकावर डोळे मिटून घेतात, आणि आपण त्यांच्यासमोर काही क्षण तसेच बसून राहतो.